गोठ्याचा कोपरा

सिद्धीला पसारा बघवत नसे. डिचोलीच्या बाजारामागे निलेश सरांचं इंजिनियरिंगचं ऑफिस होतं. तिथे ती घरांचे, दुकानांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढायची. दीड वर्षात सगळ्यांना तिची सवय झाली होती. चहाचा कप उचलायला उशीर झाला तर ती स्वतः उठून तो धुऊन टाकायची.

तिच्या शेजारच्या मेजावर दत्तारामकाका बसायचे. खाणीच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी बावीस वर्षं काढली होती. खाणी बंद पडल्या तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेला हा माणूस कॉम्प्युटर शिकला आणि इथे आला. हात सुरेख, मोजमापात केसभर चूक नाही. फाइल मात्र अशी, की उघडणाऱ्याने हात जोडावेत.

कोरगावच्या घराची फाइल त्यांचीच. मॉडेलमध्ये घर एकदाच, खऱ्या मापाने काढायचं, आणि लेआउट म्हणजे त्या घराकडे बघणारे छापायचे कागद, एवढी साधी रीत. एखाद्या घराला दहा-अकरा कागद पुरतात. काकांच्या फाइलीत तेवीस होते. ‘प्लॅन’, ‘प्लॅन नवा’, ‘प्लॅन नवा खरा’, ‘सरांनी सांगितलेला’. एकाचं नाव तर नुसतंच ‘जयरामबाब’, घराच्या मालकाचं.

काका भाचीच्या लग्नाला चार दिवस सावंतवाडीला गेले आणि नेमका तेव्हाच कोरगावचा कंत्राटदार तुषार नकाशे मागायला लागला. पाया खोदायचं मशीन सोमवारी मिळणार होतं. सरांनी काम सिद्धीकडे दिलं.

तिने दिवसभर बसून फाइल धुऊन काढली. एकसारखे दिसणारे कागद काढून टाकले, उरलेल्यांना क्रमांक दिले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात नाव आणि तारीख आणली, पहिल्या पानावर सगळ्यांची यादी केली. ‘जयरामबाब’ तिने उघडून बघितला. जागेचा नकाशा, तोही भलत्याच प्रमाणात, मध्ये एक छोटं वर्तुळ आणि बारीक अक्षरात दोन ओळी. जागेचा नकाशा पहिल्या क्रमांकावर होताच. तिने तो काढून टाकला.

अकरा कागद राहिले. सर म्हणाले, “आपल्या ऑफिसातून एवढी देखणी फाइल पहिल्यांदाच जातेय.” ती घरी गेली तेव्हा तिला चालताना हलकं वाटत होतं.

सोमवारी साडेआठला काका आले, लग्नाचे लाडू मेजावर ठेवले आणि फाइल उघडली. बराच वेळ त्यांचा माउस वर-खाली फिरत राहिला.

“सिद्धी, गो बाय, जयरामबाबांचा कागद खंय गेला?”

“तो मी काढला, काका. जागेचा नकाशा दोनदा होता.”

काकांनी माउस बाजूला सारला. खिशातून फोन काढून त्यांनी तुषारला लावला. “मशीन उतरवलं? नाही ना? मग तसंच ठेव. मी येईपर्यंत एक फावडंसुद्धा मारू नकोस.”

मग ते तिच्याकडे वळले. “त्या जागेत एक बुजवलेली बांय आहे. जुनी विहीर. वर गवत, कोणाला कळायची नाही. जयरामबाबांच्या बापाने बुजवली, आणि ती कुठे होती ते फक्त जयरामबाबांना माहीत. आजारी असताना काठी टेकत आले आणि मला उभं राहून दाखवलं. आता ते नाहीत.”

विहिरीच्या भुसभुशीत भरावावर खांब उभा राहिला तर दोन पावसाळ्यांत घर खचेल, हे सिद्धीला कोणी सांगायला नको होतं. तिने बॅकअप फाइल उघडली. पण त्या दिवशी तिने पन्नासदा सेव्ह केलं होतं, बॅकअपमध्येही तेच नीटनेटके अकरा कागद होते. ऑफिसात जुन्या प्रती वेगळ्या ठेवायची पद्धत नव्हती.

“पण काका, विहीर मॉडेलमध्ये का नव्हती? मॉडेलमध्ये असती तर सगळ्याच कागदांवर दिसली असती.”

“कागदावरच काढली मी. वर्तुळ, माप, सगळं त्या एका लेआउटवर.” काकांनी चष्मा काढला. “खाणीवर आम्ही कागदावरच लिहायचो. हाताची खोड.”

ड्रॉवरमधून त्यांनी एक लांबट वही काढली. खाणीवरच्या दिवसांपासून मोजणीची टिपणं ते अशाच वहीत ठेवत. विहिरीपासूनच्या मापांचं पान सापडलं: गोठ्याचा रस्त्याकडचा कोपरा, सात मीटर चाळीस. तुळस, अकरा मीटर पंधरा.

“तुळस आहे जाग्यावर,” काका म्हणाले. “गोठा मागच्या महिन्यात पाडला. तो कोपरा आता कुठून आणायचा?”

सिद्धी मेजाशी वाकली. “गोठा मॉडेलमध्ये आहे, काका. जुन्या मोजणीचा थर मी नुसता दिसायचा बंद केलाय, पुसला नाही.”

तिने थर उघडला. राखाडी रेघांचा गोठा पडद्यावर आला. कोपऱ्यावर तिने सात-चाळीसचं वर्तुळ टाकलं, तुळशीवर अकरा-पंधराचं. दोन्ही वर्तुळं दोन ठिकाणी छेदली. एक छेद कुंपणापलीकडच्या वाटेवर होता. दुसरा नव्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या खांबावर.

काकांनी टेप आणि मोटारीची किल्ली उचलली.

अकराच्या सुमारास काकांची मोटार कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्याच्या बाजूला लागली. वाटेत सिद्धी म्हणाली, “माझी चूक झाली, काका. नीट वाचायला पाहिजे होतं.”

“तुझी झाली. माझीही झाली. आधी बांय बघूया.”

कोरगावला जयरामबाबांची बायको, कमलाक्षीकाकी, काजूच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. सिद्धीने तुळशीपासून आणि जुन्या घराच्या अजून उभ्या भिंतीपासून टेप धरून जागा काढली, तुषारच्या माणसांनी खुंटी मारली आणि हाताने खणायला घेतलं. गुडघाभर गेल्यावर माती पोकळ लागली. छपराचे फुटके नळे निघाले, मग एक चिरा, त्याच्या शेजारी दुसरा, किंचित वळलेला. तासाभराने चिऱ्यांची गोलाई उघडी पडली. तिचा मध्य खुंटीपासून वीतभरच बाजूला होता.

तुषारने कपाळ पुसलं. “ह्याच्यावर आज दुपारी मशीन घातलं असतं मी.”

कमलाक्षीकाकी उठून आल्या. “लग्न होऊन आले तेव्हा इथे मिरचीची रोपं होती. विहीर मी कधी बघितलीच नाही.” मग काकांना विचारलं, “हे तुम्हाला दाखवायला कधी आले होते?”

“चतुर्थीआधी. तुमच्या भाड्याच्या घरातून रिक्षाने आले होते.”

“मला म्हणाले, दाढी करून येतो.” त्या हसल्या, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. कोणी घाई केली नाही. मोप्याच्या विमानतळाकडे एक विमान खाली उतरत गेलं.

निलेश सरांना फोन झाला. त्यांनी दोघांचंही म्हणणं ऐकून घेतलं, आवाज चढवला नाही, पण सिद्धीला म्हणाले, “दुसऱ्याने केलेला कागद त्याला विचारल्याशिवाय यापुढे काढून टाकला जाणार नाही.” ती हो म्हणाली. स्वयंपाकघर दोन मीटर मागे सरकवायचं ठरलं. त्याने परसदार लहान झालं, पण काकींना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, की विहीर उपसून मोकळी करा, तिच्याभोवती कमरेएवढा कठडा बांधा आणि वर जाळी घाला.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः विहीर मॉडेलमध्ये काढली, लाल रंगात. अकरापैकी सहा कागदांवर ती आपोआप उमटली.

पुढच्या आठवड्यात सिद्धी दुसऱ्या एका जुन्या फाइलीसमोर खुर्ची ओढून बसली. ह्या वेळी काका शेजारी होते. एकेक लेआउट उघडायचा, काकांनी तो का केला ते सांगायचं, मग ठेवायचा की काढायचा ते ठरवायचं. एका कागदाची हकीकत सांगायला त्यांना वीस मिनिटं लागली, त्यात मये गावातला एक भाऊबंदकीचा तंटा आणि एक बैलही आला. संध्याकाळपर्यंत जेमतेम सात कागद झाले.

आठवा उघडला. काका पुढे वाकून बघत राहिले.

“हा कशाला केला होता, काका?”

“देव जाणे,” ते म्हणाले. “काढ तो.”