पेत्राचं कपाट

आमच्या बेकरीत पेत्राच्या नावाने खडे फोडणारी एकच बाई, माझी मोठी नणंद ओफेलिया. बाकी अख्ख्या कोर्दोबा गावाला माहीत आहे, की आमच्या पिठाला कधी उंदराचं तोंड लागलं नाही ते पेत्रामुळे. कोठारात मासाकुआता पाळायची आमच्याकडे जुनी रीतच आहे. जाडजूड, आळशी, बिनविषारी साप. हाताएवढी होती तेव्हा मी पेत्राला डोंगराकडच्या बाजारातून आणली, आता माझ्याहून लांब झालीय. माझी लेकच म्हणा ना.

यंदा आम्ही ते कोठार पाडलं आणि पिठासाठी पत्र्याच्या बंद टाक्या बसवल्या. उंदीर गेले, पण पेत्राचं घरही गेलं.

"घरात आणू तिला," मी म्हणाले. "जन्मभर राबली, आता म्हातारपणी हाकलायची की काय?"

अर्धं घर ओफेलियाच्या नावावर. ती म्हणाली, "आण बाई! पण नीट बंद राहिली पाहिजे आणि खाल्लंपिल्लं पाहिजे. माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मेलेला जीव मला चालायचा नाही, सांगून ठेवते."

मग ठेवायची कशात? शेजारीण पोपटाचा पिंजरा घेऊन आली. त्याच्या गजांमधून पेत्रा आरामात रस्त्यावर गेली असती. कुणी माशांची टाकी देऊ केली, तर तिचं झाकण नुसतं वर ठेवलेलं. शेवटी माझा नवरा एउसेबिओ छाती फुगवून पुढे आला.

"अगं म्हातारे, आपण पाववाले ना? आपल्याकडची चांगली वस्तू आपण कुठे ठेवतो? काचेत!"

आणि त्याने पावाच्या काउंटरसारखी पेटी बनवून घेतली. चारही बाजूंनी काच, पितळी कडा, वर उघडणारं झाकण, आत लखलखीत दिवे. दुकानात मधोमध मांडली. मीही खुळ्यासारख्या टाळ्या वाजवल्या, काय सांगू!

गिऱ्हाईक पाव घ्यायला यायचं आणि पेत्राला बघत उभं राहायचं. पोरं काचेवर टकटक करायची. वरून झाकण उघडून हात आत गेला की पेत्रा दचकून फूत्कारायची. माझ्यावर फूत्कारायची हो, माझ्यावर! दिवसभर आपल्याच वेटोळ्यात डोकं खुपसून पडायची, आणि संध्याकाळी काचेवर नाक घासत फिरायची. घासून घासून नाक सोललं. उंदीर ठेवला तर ढुंकूनही बघेना. आठवड्यांमागून आठवडे गेले, तिची कातडी सैल पडली, पाठीचा कणा दिसायला लागला.

ओफेलियाने सरळ प्राणी उद्यानात फोन लावला. "शनिवारी माणूस येतोय न्यायला. तोंड वाकडं करू नकोस, रेमेदिओस. तुझ्याच्याने होत नाहीये."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण ती खोटं थोडंच बोलत होती? मागे जाऊन परातीतल्या पिठावर राग काढला, रडत रडत मळलं. मग ते फुगायला लाकडी कपाटात ठेवलं, तर एउसेबिओ दार उघडं टाकून वाकून बघायला लागला.

"दार लाव आधी!" मी ओरडले. "वारा लागेल, उजेड लागेल! सारखं डोकावलं तर फुगेल का ते?"

आणि मी तिथेच थबकले.

"अहो," मी म्हटलं, "काचेत आपण काय ठेवतो?"

"पाव."

"भाजून झालेला पाव! जिवंत पीठ कधी ठेवलंय काचेत? पेत्रालाही कपाटच हवं!"

तो म्हणाला, "एवढी महागाची काच..." पण भोकं पाडायचं यंत्र आणायला गेला, माझं गुणाचं ध्यान!

पीठ दुसरीकडे हलवून आम्ही कपाट रिकामं केलं. खालचा कप्पा पेत्राला लांब पसरता येईल एवढा मोठा केला. एक बाजू भट्टीच्या भिंतीला टेकवली, हाताला कोमट लागेल इतपतच. दुसरी बाजू गार ठेवली. हवेला भोकं पाडली आणि पाण्याचं पसरट भांडं ठेवलं. दोन्ही टोकांना तिचं अंग जेमतेम मावेल असे, शिरायला भोक ठेवलेले उपडे खोके मांडले. दार समोरून उघडणारं, म्हणजे डोक्यावरून कुणाचा हात यायला नको. बाहेरून भक्कम कडी घातली. दारात बसवलेल्या चौकोनी काचेवर कागद चिकटवला, फक्त एक फट ठेवली. पेत्रा कोमट बाजूच्या खोक्यात शिरली ती दिसेनाशीच झाली. शनिवारपर्यंत मी कुणाला त्या दाराजवळ फिरकू दिलं नाही.

शनिवारी उद्यानाचा तोबियास पोतं घेऊन हजर झाला. मी म्हटलं, "आधी तिला जेवायला घालते. नाही खाल्लं तर घेऊन जा, मी हूं की चूं करणार नाही." उंदीर ठेवला, कडी लावली.

काहीच होईना. ओफेलिया म्हणाली, "झालं नाटक?"

"थांबा हो जरा," तोबियास हळूच म्हणाला. "कपाट झकास आहे. तिला कळू दे, कुणी बघत नाहीये."

आम्ही मागे सरलो. एकटी ओफेलिया फटीला डोळा लावून बसली, मला खोटं पाडायला. मी मनातल्या मनात पेत्राच्या पाया पडत होते.

आतून धप्पकन आवाज आला.

"धरला!" ओफेलिया किंचाळली. "अगं धरला तिने! रेमेदिओस, गिळतेय गं, गिळतेय!" आणि माझ्या गळ्यात पडून ती बाई हमसाहमशी रडायला लागली. एउसेबिओ नाचत होता, तोबियास हसत पोत्याची घडी घालत होता, दुकानातली गिऱ्हाइकं टाळ्या पिटत होती.

तेवढ्यात करपट वास आला. भट्टीतल्या सगळ्या गोड कोंचा पावांचा कोळसा झाला होता. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं.

"करपू देत!" मी ओरडले. "आज माझी पेत्रा जेवली!"