मैदानाकडे पाठ करून

मी एक भोंगा आहे. हातात धरायचा, लाल तोंडाचा, पांढऱ्या मुठीचा. मला स्वतःचा आवाज नाही. मुठीतली कळ दाबून कुणी बोललं तरच मी बोलतो, आणि तेही त्याचंच बोलणं. आता माझी बॅटरी काढून ठेवली आहे. तेव्हा आज जे सांगेन ते माझं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जाग आली तेव्हा जकार्तातल्या ग्लोडोकच्या बाजारात एका दुकानासमोर दोरीला लटकत होतो. तिथून मला नामिनने उचललं. तो बाजारासमोर मोटरसायकली लावून द्यायचं काम करी. घसा असा की रस्त्यापलीकडचा ट्रक थांबावा. आमच्याकडे थोरल्या भावाला ‘बांग’ म्हणतात, म्हणून लहानथोर सगळे त्याला बांग नामिनच म्हणायचे.

मला घेऊन तो पहिल्यांदा गेला तो साओदाकडे. ती स्टेडियमच्या फाटकाबाहेर शेगडी मांडून बसायची. तांदूळ आणि बदकाचं अंडं यांची जाड पोळी, वर भाजलेलं खोबरं. शेवटी कढईच निखाऱ्यांवर पालथी धरायची, की वरची बाजू करकरीत होते. ती वयाने मोठी, म्हणून तिला सगळे ‘म्पोक’ म्हणत. म्हणजे ताई.

मला बघून ती हसली. “तुला भोंगा कशाला रे? तू बोललास की आधीच कोंबडे माना टाकतात.”

“म्पोक, देशाचा फुटबॉल सामना आहे. दहा हजार माणसांना गायला लावायचंय.”

“लाव बाबा. पण पोळीचे पैसे टाकून गा.”

शेगडीला वारा घालत बसलेला माणूस साओदाचा धाकटा भाऊ, कोसिम. जन्मापासून बहिरा आणि मुका. त्याने मला हातात घेतलं, माझ्या तोंडात डोकावून पाहिलं, आणि नामिनने कळ दाबून हाळी दिली तेव्हा माझ्या कडेवर तळवा ठेवला. माझी थरथर त्याला कळली. तो खुशीत मान डोलावू लागला.

नामिनचं काम कसलं, ते आधी सांगतो. प्रेक्षकांच्या समोर लोखंडी कुंपण असतं. त्यावर चढून, मैदानाकडे पाठ करून तो उभा राहायचा. तो एक ओळ म्हणणार, लोक ती परत म्हणणार. सामना मागे चालू. नव्वद मिनिटं तो फक्त माणसांकडे बघायचा, आणि त्याच्या तोंडापाशी असलेला मीही. इतके सामने झाले, पण मी एकही चेंडू पाहिलेला नाही. पाहिली ती तोंडं.

ती तोंडं विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत. घरी मुंगी मारणार नाही असा चष्मेवाला कारकून, गळ्याच्या शिरा टरारून पंचाच्या आईचा उद्धार करताना पाहिला. खांद्यावर पोर घेतलेला बाप त्या पोराच्या हातात दगड देताना पाहिला. आपला गोल झाला की अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडतात. आपल्यावर गोल झाला की तेच हात शेजाऱ्याची गचांडी धरतात. मुताने भरलेल्या बाटल्या उडतात. एकदा वरून आलेल्या नाण्याने म्हाताऱ्याची भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं, आणि तो ते पुसत पुसत गातच राहिला.

मग सामना कसा झाला ते नामिनला कसं कळे? कोसिममुळे. तो प्रत्येक वेळी कुंपणापाशी ताल धरायला ठेवलेल्या मोठ्या ढोलाला टेकून बसायचा, तळवा ढोलावर आणि नजर मैदानावर. त्याच्याइतकं एकचित्ताने बघणारं दुसरं माणूस तिथे नसे. सामना संपला की शेगडीपाशी बसून तो नामिनला सगळं हातांनी सांगायचा. दोन बोटं म्हणजे पळणारा खेळाडू, मूठ म्हणजे चेंडू. कोण कुणाला चकवून गेला, गोलरक्षक कुठल्या बाजूला फसला, सगळं. परक्या संघाचा गोल देखणा असला तर तोही तितक्याच प्रेमाने दाखवायचा. साओदा मध्येच ओरडायची, “अरे, हात चालवायचे तर पंख्याला चालव, निखारे विझले!”

असं बरं चाललं होतं. मग आग्नेय आशियाच्या चषकाची उपांत्य फेरी आली. समोर मलेशिया. तिथली माणसं दिसायला आमच्यासारखी, बोलतातही जवळपास तेच. फरक पडतो तो फक्त बोलण्याच्या ढंगात. म्हणून तर वैर जास्त.

त्या दुपारी फाटकावर पोलिसांनी ढोल आत सोडला नाही. “काठ्या नकोत,” एवढंच म्हणाले. ढोल बाहेर राहिला आणि कोसिमची जागा गेली. तो वरच्या रांगांत जाऊन बसला, जिथून मैदान नीट दिसतं. तिथे बाहेरगावाहून बस भरून आलेली तरणी पोरं होती. त्यांच्यातलं कुणीच त्याला ओळखत नव्हतं.

ढोल नाही म्हणून सगळा भार माझ्यावर. लोक थंड होते. नामिनने त्यांना पेटवायला एक नवी ओळ काढली.

“गाणार नाही तो आपला नाही!”

ती ओळ वणव्यासारखी वर चढली. हजारो तोंडांनी ती पुन्हा पुन्हा म्हटली. माणसं शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघू लागली, हा गातोय की नाही. नामिन खूश झाला. त्याने ती पुन्हा दिली, आणि पुन्हा.

उत्तरार्धात मलेशियाने गोल केला. माझ्यासमोरची सगळी तोंडं एकदम मेल्यासारखी झाली. त्या शांततेत टाळ्या वाजल्या. एकाच माणसाच्या. वरच्या रांगेत कोसिम उभा राहिला होता आणि मनापासून टाळ्या वाजवत होता.

“ए! कोण रे तू?” दंडाला लाल फडकं बांधलेल्या एकाने त्याला फिरवलं; त्या शांततेत शब्द न् शब्द खाली ऐकू येत होता. “तिकडचा आहेस का? गाऊन दाखव!”

कोसिमने कानाकडे बोट केलं आणि हात हलवले.

“हातवारे करतोय साला! बोल! बोलला की कळेल कुठला ते!”

कोसिमने गळ्यातून जो निघतो तो आवाज काढला. त्यांना वाटलं, चिडवतोय. पहिली थोबाडीत बसली. मग ठोसा. मग तो दिसेनासा झाला, आणि जिथे तो होता तिथे पाठी वाकलेल्या आणि पाय वरखाली होणारे. तो खाली पडूनही हात हलवत होता, मी मुका आहे एवढंच सांगत होता. म्हणून त्यांनी त्या हातांवरच बूट घातले. हाडांचा आवाज माझ्यापर्यंत आला नाही, पण पाय कुठे पडत होते ते मी पाहिलं.

नामिनने पाहिलं. त्याने माझी कळ दाबली.

“सोडा त्याला!” तो ओरडला.

आणि हजारो माणसं ओरडली, “सोडा त्याला!”

“अरे मुका आहे तो! आपला आहे!”

“मुका आहे तो! आपला आहे!”

मी जे बोलतो ते परत म्हणायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ओळीला चाल लागली. मारणारेसुद्धा ती म्हणत होते. ‘सोडा’ म्हणताना लाथ, ‘त्याला’ म्हणताना लाथ.

नामिनने कुंपणावरून उडी मारली. माणसांच्या खांद्यांवरून, डोक्यांवरून तो वर चढला आणि मला उगारून पहिल्याच्या तोंडावर हाणलं. लाल फडकेवाला तो. त्याचे दात माझ्या कडेवर फुटले आणि माझी कडा त्याच्या दातांवर. नामिनने मला दुसऱ्याच्या कानशिलात घातलं. मग बाकीच्यांनी नामिनलाच धरलं. कुणी पाठीत कोपर मारलं, कुणी केस धरून डोकं बाकाच्या काठावर आपटलं. “बांग असशील तुझ्या घरचा!” कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात आमच्या संघाने बरोबरी केली.

गर्जनेने स्टेडियम हललं. मारणारे हात होते तिथेच थांबले, मैदानाकडे वळले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले. हुंदके देत नाचू लागले. एकाच्या हाताचं रक्त दुसऱ्याच्या सदऱ्याला लागलं. त्यांच्या पायांशी कोसिम पडला होता. त्याच्याकडे कुणीही बघत नव्हतं.

नामिनने त्याला उचललं, पण खाली न्यायला वाट नव्हती. शेवटी फुटक्या माझ्यातूनच तो ओरडला, “हातांवर घ्या! फाटकाकडे द्या!” आनंदात असलेल्या लोकांनी ते लगेच ऐकलं. कोसिमला डोक्यांवर घेतलं आणि हातोहात खाली सरकवत नेलं. एखाद्या वीराला न्यावं तसं. ज्यांच्यावरून तो गेला, त्यांतले कित्येक हसत होते.

फाटकाबाहेर साओदाने त्याला ओळखलं ते चपलेवरून. ती ओरडली नाही. कढई तशीच टाकून रिक्षात चढली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. “नामिन,” ती म्हणाली, “कुणी केलं?”

नामिनने मला पाठीमागे लपवलं.

कोसिम वाचला. एक डोळा गेला, आणि बोटं जुळली ती वेडीवाकडी.

पोलिसांनी तिघांना पकडलं आणि मला पुरावा म्हणून जप्त केलं. मग साक्षीदारांचा शोध सुरू झाला. आसपास बसलेली डझनावारी माणसं बोलावली. प्रत्येकाला बरोबरीचा गोल जसाच्या तसा आठवत होता. मारहाण कुणालाच आठवत नव्हती. “साहेब, आम्ही सामना बघत होतो,” सगळे हेच म्हणाले.

सामना न बघणारा तिथे एकच होता. त्याला धमकीचे निरोप आले. भर रस्त्यात त्याची मोटरसायकल जाळली. साक्षीच्या आदल्या दुपारी बाजारात चौघांनी त्याला गाठून बरगड्या मोडल्या. तरी नामिन कोर्टात आला, छातीला हात धरून. त्याने तिघांकडे बोट दाखवलं. मग न विचारता म्हणाला, “ती ओळ मी दिली होती, न्यायाधीशमहाराज. तीही लिहून घ्या.”

कोसिमला विचारलं, तू टाळ्या का वाजवल्यास? साओदाने खुणांनी त्याला प्रश्न पोचवला. तो उभा राहिला आणि आपल्या वाकड्या बोटांनी तो गोल सांगू लागला. दोन बोटं आता सरळ पळत नव्हती, मूठ पुरती वळत नव्हती. साओदा शब्द देत होती, “डावीकडून निघाला... एकाला चकवलं... दुसरा पडला... आणि उजव्या पायाने...”

“डाव्या.”

आरोपींच्या पिंजऱ्यातून आवाज आला. दात पडलेला तो लाल फडकेवाला. “डाव्या पायाने मारला होता,” तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर मान खाली घालून रडू लागला.

साओदा त्याच्याकडे बघत राहिली. “म्हणजे तूही पाहिला होतास,” ती म्हणाली. “मग त्याला मारलंस कशाला रे?”

तिघांना शिक्षा झाली. नामिनलाही चिथावणीबद्दल थोडी झाली. ती त्याने भोगली, आणि त्यानंतर तो कुठल्याही कुंपणावर चढला नाही.

मी अजून कोर्टाच्या कोठीत आहे. एका बाजूला कोयता, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी एकच बूट. माझ्या फुटक्या कडेवर वाळलेलं रक्त कुणी पुसलेलं नाही. दूर कुठे सामना असला की त्याची गर्जना भिंतीतून झिरपत इथवर येते, आणि मला पुन्हा ती तोंडं दिसतात.

माझ्यातून आता कुणी बोलेल असं वाटत नाही. म्हणून माझं मागणं इथेच सांगून टाकतो. तुम्ही कधी अशा गर्दीत बसाल. गा, ओरडा, रडा. पण शेजारचा गप्प असेल तर त्याला गप्प राहू द्या. तो बहुधा सामना बघत असेल.