लाल तळवे

विरारला चंदनसारच्या एका गाळ्यात माणसं तळहात पसरून बसली होती. प्रत्येक तळव्यावर घरून लावून आणलेली ओली हळद. काशिनाथ महाराज तांब्यातलं पाणी शिंपडत रांगेतून येत होते. पाणी पडलं की पिवळा हात रक्तासारखा लाल. बायका किंचाळायच्या, पुरुष पाया पडायचे.

"रक्त पिणारी हडळ अंगातून निघाली!" महाराज गरजले. "डॉक्टर म्हणतो किडनीमुळे रक्त आटलं. अरे, किडनी म्हणजे मोरी! मोरी तुंबली तर पाण्याची टाकी रिकामी होते का?"

माणसं खिदळली. मला हसू येईना. माझ्या पुढ्यात आमच्या होळी गावच्या शेजारीण लतिकाकाकू बसल्या होत्या. जुन्या मधुमेहानं त्यांची मूत्रपिंडं खचली होती. ओठ पांढरे, बसल्या जागी धाप. त्यांना त्यांच्या नवऱ्यानं, दिनानाथकाकांनी, उचलून आत आणलं होतं. महाराजांच्या आज्ञेवरून तपासण्या बंद, इंजेक्शनं बंद. दर गुरुवारी हात लाल झाला की काका डोळे पुसत म्हणायचे, "भरतंय गं तुझं रक्त."

दारावर पाटी होती : 'लिंबू आत आणू नये. देवीला चालत नाही.' लिंबावाचून ज्या धंद्याचं पान हलत नाही, त्यात हे नवलच!

पुढच्या गुरुवारी निघायच्या आधी काकूंची मुलगी सुरुची आईच्या हाताला हळद लावत होती. काकांची पानवेलींची वाडी. पान सदा तोंडात, चुना सदा अंगठ्याला. त्यांनी बायकोचा हात धरला आणि अंगठा टेकला तिथे लाल ठिपका उमटला.

"बाबा, हे काय?"

"देवी घरीच आली म्हणायची."

"देवी नाही, चुना आहे तुमचा!"

"गप! आजचा गुरुवार होऊ दे, मग ने हवं तिथे."

सुरुचीनं पदराखाली लिंबू घेतलं.

गाळ्यात काकूंचा हात लाल झाला. सुरुचीनं त्यावर लिंबू पिळलं. लाल रंग फिकटला, हळद पुन्हा पिवळी झाली. ती पुसल्यावर खाली उरला काकूंचा खरा तळवा. खडूसारखा.

"बाटवलंस!" महाराज ओरडले.

"तांब्यात चुन्याची निवळी आहे. हळदीला चुना लागला की लाल, लिंबू लागलं की पिवळी. म्हणून तुमच्या देवीला लिंबू चालत नाही!" तिनं हळदीचा हात महाराजांच्या तळव्याला फासला आणि तांब्या ओतला. धष्टपुष्ट हात लालभडक झाला. "तुमचं रक्त कोण पितं हो, महाराज?"

कोणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात काकू एका अंगावर कलंडल्या.

दवाखान्यात डॉक्टर लिडिया यांनी काकूंची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्यांचा चेहरा कठोर झाला.

"मूत्रपिंडं म्हणजे मोरी नव्हे, काका. रक्त बनवा असा निरोप हाडांतल्या मज्जेला तीच धाडतात. ती खचली की निरोप पोचत नाही; मग तो इंजेक्शनानं धाडावा लागतो."

"मग सुई टोचा ना लगेच!"

"डोळे मिटून? आता जीव धरायला रक्त चढवतेय. पण मूळ कारण शोधायला हवं. शरीरात लोहाचा साठा आहे का, तो वापरला जातोय का, बी-बारा कमी आहे का, आतून कुठे रक्त जातंय का. साठाच रिकामा असेल तर नुसता निरोप धाडून काय होणार? याच तपासण्या तुम्ही बंद केल्यात."

"वाचेल ना ती?"

"उशीर केलात. हृदय दमलंय. बघू."

काकू अजून तिथेच आहेत. काकांनी पान सोडलं. बाकावर अंगठा चोळत बसतात. जन्मभर चुना हाताळलेल्या माणसाला चुनाच लावला गेला.

चंदनसारची पाटी उतरली. नालासोपाऱ्यात नवी लागली आहे. तिथे म्हणे देवीला लिंबू चालतं, हळद चालत नाही. गर्दी तीच.

त्या गर्दीतल्यांनो, तळव्याचा रंग कोणीही बदलू शकतो. रक्त किती आणि ते का घटलं, हे तपासणीच सांगते. घरात मूत्रपिंडाचा आजार असेल, धाप लागत असेल, चेहरा पांढरा पडत असेल, तर आजच दवाखान्यात जा. तिथे तळहात पसरू नका, दंड पुढे करा.