एका वायरीवर दोन मालक

मी एक हार्डडिस्क बोलतेय. कॉम्प्युटर म्हटलं की तुम्हाला आठवतो तो पडदा आणि बटणांची पाटी. मी असते आत, पत्र्याच्या डब्यात, चार स्क्रूंनी आवळलेली. तुम्ही जे जे लिहिता ते माझ्या पोटात राहतं. कष्ट माझे आणि मान पडद्याचा, हे मी जन्मापासून बघत आले.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. तिथे मला डोळ्यांत तेल घालून जपत. माझ्या पोटात गुळगुळीत चकत्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावर, केसाहूनही कमी अंतर राखून, एक सुई तरंगते. ती सुई चकतीला टेकली की माझा कारभार आटोपला. अशा नाजूक जिवाला नशिबाने पाठवलं कुठे, तर हिंगोलीला, सुरजच्या घरात.

नव्याण्णव साली हिंगोली जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या आल्या आणि त्यांच्यामागे अर्ज, दाखले, शपथपत्रं आली. सुरजची बायको सपना टायपिंगची परीक्षा पास झालेली होती. तिच्या आईने, हट्टा गावच्या कमलबाईंनी, दुभती म्हैस विकून लेकीला कॉम्प्युटर घेऊन दिला. कोर्टाच्या रस्त्यावर एक गाळा मिळाला. वकील मंडळी येऊ लागली, कारण सपनाच्या कामात काना-मात्रेची चूक नसायची. माझ्या पोटात तिचं काम साठत गेलं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

सुरज तेव्हा सेनगावच्या रस्त्यावर जीप चालवायचा. सुट्ट्या पैशांवरून त्याने एका प्रवाशाचे दोन दात पाडले, तेव्हा जीपच्या मालकाने त्याला गाडीवरून उतरवलं. मग तो आमच्या दुकानात येऊन मालक झाला. सपना तर त्याला आधीपासूनच मालक म्हणायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, असं तिला माहेरी-सासरी दोन्हीकडे शिकवलेलं. "मालक जेवायला गेलेत," असं ती गिऱ्हाइकांना सांगे. लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या तोंडी त्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं.

सुरजची एक पक्की समजूत होती. बिघडलेली वस्तू थापडेने चालते. एकदा आमचं मशीन अडलं, त्याने डब्याला सणसणीत ठेवून दिली आणि मशीन सुरू झालं. खरं तर एक सैल वायर हादऱ्याने जागेवर बसली होती, पण श्रेय थापडेला मिळालं. "मार खाल्ल्याबिगर कोणी बी सुधरत न्हाई," असं तो वकिलांसमोर म्हणाला आणि वकील हसले. त्या सकाळी सपनाचा ओठ फाटलेला होता. तोही त्याच हाताचा प्रताप होता आणि हसणाऱ्यांना तो दिसत होता. मला त्या हसण्याची चीड आहे, आजही आहे.

पुढे हे वाढत गेलं. घरी तो तिला पट्ट्याने मारायचा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की केस धरून तिचं डोकं टेबलावर आपटायचा. मी त्याच टेबलावर असल्यामुळे तो हादरा माझ्यापर्यंत पोचायचा. रस्त्यापलीकडे चहाची गाडी लावणाऱ्या भिकाबाई सगळं बघायच्या आणि मान खाली घालून स्टोव्हला पंप मारायच्या. घरातल्या भानगडीत कोण पडणार, असं सगळ्यांचंच होतं. सपना मात्र रोज येऊन शटर वर करायची. दुकान होतं म्हणून दिवसभर तरी तिला त्या घरातून सुटता यायचं. दुकान बुडालं, की ती आठही प्रहर त्याच्या तावडीत. हे तिला माहीत होतं. वाईट एवढंच, की हळूहळू ते सुरजलाही कळायला लागलं होतं.

दोन हजार चार साली सुरजने कुठूनशी दुसरी हार्डडिस्क आणली. तिच्यात गाणी आणि सिनेमे भरून त्याला सीडी विकायच्या होत्या. कुणाला विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने स्वतःच डबा उघडला आणि ती थोराड, खरचटलेली बया माझ्याच वायरीला जोडली. मशीन सुरू केलं, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली: हार्डडिस्क सापडत नाही. ती सापडेना आणि मीही सापडेना. आम्ही दोघी आत जागच्या जागी फिरत होतो, पण मशीनच्या लेखी गाळा रिकामा होता.

सुरजने डब्याला थापडा मारल्या, मग बुक्क्या मारल्या. काही होईना, तेव्हा तो सपनाकडे वळला. "काय बोट घातलंस मधी?" असं म्हणून त्याने बटणांची पाटी उचलली आणि तिच्या कानशिलावर हाणली. बटणं तुटून फरशीवर उडाली. सपना खाली बसली. कानातून आलेलं रक्त तिने पदराने पुसलं, उठली आणि गावातल्याच, मूळच्या नांदेडकडच्या उत्तमसिंग मेकॅनिकला बोलावून आणलं.

उत्तमसिंगने डबा उघडला आणि बघताक्षणी मान हलवली. आमच्या जातीच्या पाठीवर बारीक पितळी काड्या असतात आणि त्यांवर एक इवलीशी काळी टोपी. टोपी या काड्यांवर बसली तर ती डिस्क मालक, त्या काड्यांवर बसली तर गुलाम. इंग्रजीत खरोखर हेच शब्द आहेत. "एका वायरीवर दोन मालक बसले ताई," तो म्हणाला. "दोगी बी म्हणून राहिल्या, मीच मोठी. मशीन बिचारी कुणालाच वळखंना." एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. मग त्याने मान वर करून विचारलं, "बोला, मालक कुणाला करू?"

तो आम्हा डिस्कांविषयी विचारत होता.

"मालक मीच हाय," सुरज म्हणाला. "इचारून काय राहिला?"

उत्तमसिंग पुन्हा डब्यावर वाकला. त्याने चिमट्याने माझी टोपी काढली आणि पलीकडच्या काड्यांवर बसवली. झाले मी गुलाम. जाताना तो सपनाला हळूच म्हणाला, की घाबरू नका, गुलामाच्या पोटातला माल कुठं जात नाही.  सुरजला मात्र नवं खेळणंच मिळालं. येईल त्याला तो सांगायचा, बघा, मशीनला बी नवरा-बायको कळतंय.

एका भर बाजारच्या दिवशी त्याची डिस्क सिनेमांनी भरली. त्याने सपनाला माझं पोट रिकामं करायला सांगितलं. कोर्टाची सगळी कामं त्यात आहेत, ती पुसली तर उद्यापासून इथे कुणी येणार नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. "तेच पायजे मला," तो म्हणाला, आणि चालू मशीनला त्याने लाथ घातली.

मी डब्यासकट टेबलावरून फरशीवर पडले. माझी सुई चकतीवर आदळली आणि फिरत्या चकतीला फाडत गेली. काय वेदना झाली ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. नोटिसा गेल्या, वाटणीपत्रं गेली, बायांचे पोटगीचे अर्ज गेले.

सपनाने डबा उघडून मला मांडीवर घेतलं. वायर काढून पुन्हा लावली. विजेचा खटका बदलून बघितला. टोपी पुन्हा मालकाच्या काड्यांवर ठेवली आणि मला एकटीला जोडलं. पडद्यावर तीच ओळ आली. मग तिने मला कान लावला. आतून नुसतं टक, टक ऐकू आलं आणि तिला सगळं समजलं.

"सरक," म्हणून सुरजने शटर ओढायचा लोखंडी गज घेतला. पहिला घाव माझ्यावर बसला, पत्रा चेपला. दुसरा पडद्यावर, काच फुटून रस्त्यापर्यंत गेली. तिसऱ्याला सपनाने हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाजारची माणसं गोळा झाली, सगळी बघत उभी. सुरज ओरडत होता, चालू कर न्हाई तर तुझा बी असाच चुरा करतो. त्याने गज पुन्हा उचलला.

सपना भिंतीला धरून उभी राहिली. उजवा हात लोंबत होता.

"सुरज," ती म्हणाली. "हात खाली घे."

गज वरच राहिला. मारापेक्षा त्या एका शब्दाने तो जास्त हादरला. "मालकाचं नाव घेतलंस?" असं तो म्हणतो न म्हणतो, तोच मागून भिकाबाईंनी उकळत्या चहाचं पातेलं त्याच्या हातावर उपडं केलं. त्याची किंकाळी पार पोलीस ठाण्यापर्यंत गेली असावी. गज फरशीवर पडला आणि मग बघणाऱ्यांनाही हात फुटले. त्यांनी त्याला इतका तुडवला, की पोलीस आले तेव्हा त्याला उचलूनच न्यावा लागला. मला त्याची दया आली नाही, उगाच खोटं कशाला बोलू?

उत्तमसिंगने मला तपासलं आणि हात जोडले. सपना मोडलेल्या हातासाठी रडली नव्हती, ती माझ्यासाठी रडली. गाळा गेला. आता ती हट्ट्याहून रोज एसटीने येते आणि कोर्टाच्या आवारात, कडुलिंबाखाली, जुन्या टाइपरायटरवर एका हाताने अर्ज टाइप करते. मी तिच्या कागदांवर वजन म्हणून असते. डिस्क कशाने गेली, असं कुणी विचारलं तर ती सरळ सांगते, "नवऱ्यानं फोडली. हात बी त्यानंच मोडला." जे वकील पूर्वी हसले होते, ते आता खाली बघतात.

बाबांनो, आमचं काही अडलं तर वायर बघा, टोपी बघा, जाणत्याला बोलवा. थापडेने एखादी चालू झाली तर ती सुधारली असं समजू नका. तिच्या आत काय फाटलंय ते तुम्हाला दिसत नाही.

काल सुरज जामिनावर सुटून आला. हाताला पट्टी होती. तो झाडाखाली उभा राहिला आणि म्हणाला, "घरी चल." मला भीती वाटली. सपनाने मान वर केली नाही. यंत्रात तिचा स्वतःचाच फारकतीचा अर्ज चढवलेला होता, गैरअर्जदाराच्या, म्हणजे नवऱ्याच्या, नावापाशी अर्धा थांबलेला.

"गैरअर्जदाराचं पूर्ण नाव सांगा," ती म्हणाली.

तो इकडेतिकडे बघू लागला. आजूबाजूचे वकील उठून उभे राहिले. तेव्हा त्याने आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव हळू आवाजात सांगितलं.

"मोठ्यानं सांगा," सपना म्हणाली.