एकशेवीस थर

महेश्वरशेठ घड्याळाकडे पाहत होते आणि सिद्रामप्पा कापडाकडे. लांबलचक टेबलावर चौकटीच्या कापडाचे एकशेवीस थर अंथरलेले, वरच्या थरावर खडूच्या रेघा, आणि कडेला कटिंग मशीन उभे. आठ महिन्यांपूर्वी याच मशीनच्या पात्याने सिद्रामप्पाच्या डाव्या हाताची दोन बोटे नेली होती, तर्जनी आणि तिच्या शेजारचे.

शाळा सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते आणि गणवेशाच्या कारखान्यात हे दिवस म्हणजे लग्नघरच. शेठनी साफ सांगून टाकले होते. आज ही थप्पी कापलीत तर कटिंग मास्तर म्हणून परत या. नाहीतर खालच्या मजल्यावर शर्टांच्या घड्या घाला, कायमच्या. अठ्ठावीस वर्षे ज्याच्या हाताखालून अर्ध्या जिल्ह्यातल्या पोरांचे गणवेश गेले, त्याने घड्या घालायच्या. सिद्रामप्पाने मान हलवली होती. सकाळी घरून निघताना बायको काशम्मा दारात येऊन कानडीत म्हणाली, “अंजबॅड्री.” भिऊ नका. भिऊ नका म्हटल्याने भीती गेली असती तर दवाखाने ओस पडले असते.

जखम दोन महिन्यांत भरली होती. भीती मात्र घर धरून बसली. काशम्माने मिक्सर लावला की हा गडी अंगणात पळायचा. शेवटी तिनेच त्याला सात रस्ता चौकाजवळच्या दवाखान्यात नेले. तिथल्या समुपदेशक अपेक्षा मॅडम वयाने त्याच्या लेकीएवढ्या. त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत, सवयी दिल्या. भीतीपासून पळालात की ती वाढते, म्हणाल्या. रोज थोडे थोडे तिच्याजवळ जाऊन उभे राहा. मग महिनाभर सिद्रामप्पा रोज सकाळी चालू मिक्सरच्या झाकणावर हात ठेवून, दात आवळून उभा राहिला. शेजारची केराबाई खिडकीतून बघून पदर तोंडाला लावायची. रात्री दिवसातली एक चांगली गोष्ट बायकोला सांगायची, हीही सवय. पहिले आठ दिवस त्याने “आज जेवलो” एवढेच सांगितले.

तिसरी सवय कामाच्या वेळची. हात लावण्याआधी तळवा समोरच्या वस्तूवर टेकवायचा, डोळ्यांना जे दिसते ते एकेक करून मोजायचे, श्वास सोडायचा आणि मगच सुरुवात.

त्याने तळवा कापडावर टेकवला. पुढचे दोन भाग. पाठ. कॉलर. खिसा. बाही. दुसरी बाही.

तो थांबला. परत मोजले.

दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

बाहीचा पुढचा बाक खोल असतो, मागचा उथळ. म्हणून एक बाही आखून झाली की पुठ्ठ्याचा फर्मा पालथा घालून दुसरी आखायची. इथे तो पालथा घातलेलाच नव्हता. साध्या कापडात कोणाच्या लक्षात येत नाही, शिवताना बाही उलटून लावली की झाले. पण या चौकटीच्या कापडाची एक बाजू गडद, दुसरी फिकी, आणि सगळे थर गडद बाजू वर करून अंथरलेले. एकशेवीस शर्ट डाव्याच बाह्यांचे झाले असते.

पण त्याचा स्वतःवरच विश्वास बसेना. भीती कारणे शोधून देण्यात वकिलापेक्षा हुशार असते, असे मॅडम म्हणाल्या होत्या. हे तसेच एखादे कारण असले तर? आणि बोललो ते चुकले, तर उद्यापासून घड्याच.

“शेठ, आखणी चुकलीय,” तो शेवटी म्हणाला.

शेठनी कपाळाला हात लावला. “नाचता येईना अंगण वाकडं. मास्तर, होत नसेल तर तसं सांगा की.”

आखणी इंद्रजीतची होती. माळशिरसकडचा तिशीतला गडी, आठ महिने सिद्रामप्पाच्या जागेवर तोच कापत होता. तो तणतणत पुढे आला. “म्या सोता लावलाय फर्मा. दहा वेळा बगितलाय. तुमाला भ्या वाटतंय, त्याचं खापर माझ्यावर का फोडताय?”

सिद्रामप्पाने फर्मा उचलून पहिल्या बाहीवर ठेवला, मग तसाच सरकवत दुसऱ्या बाहीवर नेला. रेघ रेघेवर बसली. इंद्रजीतच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. साध्या कापडाची सवय, एवढेच तो पुटपुटला.

शेठचा आवाज एकदम मऊ झाला. मास्तरांनी आता मशीनला हात लावायची गरज नाही, असे त्यांनी सांगितले. आखणी तपासायची, पोरांवर नजर ठेवायची, पगार जुनाच. कापेल इंद्रजीत.

सिद्रामप्पाच्या अंगातून सुटकेची केवढी मोठी लाट गेली. मागितले असते त्याहून जास्त मिळाले होते, तेही मानाने. हो म्हणायला त्याने तोंड उघडले. आणि तेव्हाच त्याला कळले की ही सुटका ओळखीची आहे. मिक्सर लागला की अंगणात पळाल्यावर असेच बरे वाटायचे.

“न्हाई शेठ,” तो म्हणाला. “आज सोडलं तर परत माझ्यानं न्हाई व्हायचं.”

त्याने फर्मा पालथा घातला, खडूने बाही नव्याने आखली, जुनी रेघ पुसली. खिसा बोटभर खाली सरकवावा लागला. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा चढवला. पूर्वी तो कधी घालत नसे, माजच होता तो. मोज्याची दोन बोटे रिकामी लोंबत होती, ती त्याने आत दुमडली.

बटन दाबले आणि तो आवाज आला.

भीती गेली नाही. ती शेजारीच उभी होती, आणि तो कापत होता. पूर्वी अर्ध्या तासात संपणारे काम, आज दोन तास. दर वळणावर मशीन थांबवायचे, तळवा टेकवायचा, मोजायचे. खालून दोनदा चहा आला आणि तसाच निवला. कोणी हसले नाही. शेठही उभेच राहिले.

शेवटची बाही सुटली. त्याने मशीन बंद केले.

डावा हात मात्र त्या बाहीवरून उठेना. थरांवर दाबलेला तळवा तसाच राहिला. सिद्रामप्पा त्याकडे परक्याच्या हाताकडे बघावे तसा बघत होता. इंद्रजीतच्या ते ध्यानात आले. एकेक गठ्ठा बांधून तो शिलाईकडे नेऊ लागला. पाठी नेल्या, कॉलर नेल्या, डाव्या बाह्या नेल्या. टेबल रिकामे होत गेले. मास्तरांच्या हाताखालचा गठ्ठा तेवढा त्याने राहू दिला, आणि सुतळी हातात घेऊन शेजारी उभा राहिला.