रजयांच्या खोलीतला आवाज

"भिंतीशी बोलायचे पैसे मिळतात म्हणे! मग मी आयुष्यभर फुकटच बोलले की," सामानाच्या खोलीबाहेर सासूबाई पुटपुटल्या.

आत सुनेनं हसू दाबलं. घरात ती सून. गल्लीत मात्र सगळे तिला 'बाई' म्हणत. त्या शिकवायच्या ती बालवाडी बंद पडली, बाई घरी बसल्या, आणि फोनवर जाहिरात आली: घरबसल्या आवाजाचं काम. ना मुलाखत, ना कुणाचं तोंड पाहिलं. आधी नोंदणीचे पैसे मागितले, जवळच्या नातेवाइकांचे नंबर मागितले. बाईंनी दोन्ही दिलं. मन रमत होतं ना!

बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून रजयांच्या चळतीत तोंड खुपसून त्या फोनवर आलेली वाक्यं वाचून, रेकॉर्ड करून पाठवत. 'मीच बोलतेय.' 'आत्ता काही विचारू नकोस.' एकदा सूचना आली, रडत म्हणा: 'मला दवाखान्यात आणलंय, घरी सांगू नकोस.' अंगावर काटा आला. पण नाटकासाठी असेल, म्हणून म्हटलं. वाक्यं फार कोरडी वाटली की पदरचं एक 'अगं राणी, ऐक ना' जोडायच्या. बालवाडीची सवय, दुसरं काय!

पगार काही आला नाही. आली ती धाकटी नणंद, धापा टाकत.

"वहिनी! तू घरी? दवाखान्यातून कधी सोडलं?"

"मला काय झालंय?"

"सकाळी रडत फोन केलास की! पैसे पाठवले मी. काहीही विचारलं तरी तुझं एकच, आत्ता काही विचारू नकोस."

नवरा पंख्याकडे बघत म्हणाला, "लाइनचा काहीतरी घोळ असेल."

"असेल, असेल," नणंद घाईघाईनं म्हणाली.

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. तिनं स्पीकर लावला.

"अगं राणी, ऐक ना," फोनमधून बाई रडत म्हणाल्या. "अजून थोडे लागतील."

आणि बाई तर समोर उभ्या होत्या, तोंड घट्ट मिटून! नणंद नकळत भावाच्या मागे सरकली. माणसाला स्वतःचीच भीती वाटावी म्हणजे काय, ते बाईंना तेव्हा कळलं.

सासूबाईंनी फोन बंद केला.

"आई, बाहेर कुणाला कळायला नको," नवरा कुजबुजला. "लोक हसतील."

"हसू देत! आपण गप्प बसलो, की उद्या हाच आवाज सुनेच्या माहेरी जाईल. त्या चोराला आपली लाजच तर हवीय. आधी बँकेला कळवा, मग पोलिसांत चला. आणि तू गं, रोज दुसऱ्याचं वाचतेस, आज स्वतःचं बोल की!"

बाई रजयांच्या खोलीत गेल्या नाहीत. सगळ्यांसमोर खुर्चीवर बसल्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर बोटानं माइक दाबून धरला. सासूबाईंनी पाठीवर हात ठेवला.

"मीच बोलतेय. काम देणारा आधी पैसे मागत नाही, घरच्यांचे नंबर मागत नाही, हे मला कळायला हवं होतं. मी पाठवलेल्या वाक्यांवरून त्यांनी माझ्या आवाजाची नक्कल केलीय. त्या आवाजात कुणी पैसे मागितले तर फोन ठेवा, आणि खुशाल मला हवं ते विचारा. ती नोकरी नव्हतीच. मी फसले."