सगळ्यात मागची जीप

तुम्हाला म्हणून सांगतो, पहिल्या गिअरात बेचाळीस किलोमीटर जीप चालवणं हे माणसाचं काम नाही. क्लच जळतो, पाय भरून येतो आणि डोकं तर जव्हार सुटायच्या आतच तापतं. त्यात पुढं पळणारी बाई आपलीच बायको असली तर विचारूच नका.

मी रोहिदास. दाभोसा ते जव्हार जीपच्या फेऱ्या मारतो. बारा माणसं बसली की मग कुठं गाडी भरायला सुरुवात झाली, असं आमच्या धंद्यात मानतात. त्या रविवारी मात्र गाडी रिकामी न्यायची होती. जव्हारहून मोखाड्यावरून थेट सूर्यमाळपर्यंत डोंगरातली मॅरेथॉन ठेवली होती, आणि माझं काम होतं सगळ्यात मागं राहायचं. कोणी पडला, कोणी थकला तर उचलायचा. एक वाजला की रस्त्यात जो सापडेल त्याला गाडीत घालायचा, मग तो कितीही हातापाया पडो. हे काम मी मागून घेतलं होतं, कारण सगळ्यात मागं नीताच असणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी तिला टीबी झाला. साधासुधा नाही, छातीत पाणी भरलं. आख्खा पावसाळा मी नाशिकच्या दवाखान्यात तिच्या उशाशी काढला. एका सकाळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. मी कोणालाच बोलावलं नाही. बोलावलं तर ती जाणारच, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. वेड्यासारखं आहे, पण तेव्हा तसंच वाटत होतं.

ती वाचली. गोळ्यांचा कोर्स पुरा झाला, अंग भरलं, डॉक्टर म्हणाले आता चालू द्या, फिरू द्या, काम करू द्या. पण आमच्या घरात ती काही बरी झाली नाही. हंडा उचलायला गेली की माझी आई हात धरायची. लाकडाची मोळी बांधली की ती मी काढून घ्यायचो. तिची अंगणवाडी वरच्या पाड्यावर आहे, उभा चढ. रोज सकाळी ती निघाली की मी दारात उभा राहून एकच पाढा म्हणायचो, सोड ते काम. सुरुवातीला ती भांडायची. नंतर नुसतं 'बरं' म्हणायला लागली. काहीही सांगा, 'बरं'. त्या 'बरं'चा मला राग यायचा आणि का येतो ते कळायचं नाही.

मग तिनं जव्हारहून बूट आणले आणि पहाटे रस्त्यानं पळायला लागली. मी बोललो, ओरडलो, दोन दिवस जेवलो नाही, तरी ऐकेना. एका रात्री जेवताना म्हणाली, "सूर्यमाळची मॅरेथॉन मी वेळेत पुरी केली तर यापुढं मला आजारी समजायचं नाय. नाय केली तर अंगणवाडी सोडते. तुम्ही म्हणाल तशी घरात बसते."

मी भाकरी मोडत 'कबूल' म्हणालो. मनात म्हटलं, आयतीच सापडली.

तर असा सगळा मामला. उजाडताना सुटलो तेव्हा पाचसहा जण तिच्या आसपास होते. ऊन वर आलं तसे तेही पुढं गेले. उरलो आम्ही दोघं, ती रस्त्यावर आणि मी तिच्या मागं घरघरत. मी खिडकीतून मान काढून म्हणायचो, "पाणी पी." ती म्हणायची, "प्यायले." मी म्हणायचो, "जरा चाल, पळू नको." ती म्हणायची, "तुम्ही गाडी चालवा." संसारात इतकं सलग बोलणं आमचं कधी झालं नव्हतं.

मोखाड्याच्या अलीकडं एका वळणावर धोंडीबाई नावाची एक बाई उभी होती. डोक्यावर टोपली, टोपलीत कोंबडी. मॅरेथॉनसाठी पोलिसांनी रस्ता बंद केलेला, दुसरी जीप येणार कुठून? तिनं हात केला आणि मी थांबायच्या आत मागचं फाळकं धरलं.

"मावशी, आज शिटा नाय घेत," मी म्हणालो.

"मग रिकामी कशाला नेतोस? मला सूर्यमाळला लेकीकडं जायचं हाय."

"गाडी चालण्याच्या वेगानं जाणार. पोचायला दुपार होईल."

"चालतच निघाले होते. बसून तरी जाईन." ती चढलीसुद्धा. थोड्या वेळानं पुढं वाकून बघत म्हणाली, "ही बाई कोण रं? आणि तू तिच्या मागं का लागलायस?"

"बायको हाय माझी."

"भांडलात?"

"नाय मावशी. ती शर्यतीत पळतेय."

"हां, म्हणजे भांडलातच," धोंडीबाई म्हणाली आणि कोंबडीला पदराखाली घेऊन बसली.

मोखाड्यात तुका चढला. तो ठाण्याला बिल्डिंगच्या कामावर असतो, सुट्टीला गावी चाललेला. त्याला पण मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "भाऊ, अपने को काय घाई नाय," आणि पाय पसरून बसला. मोखाड्याच्या पुढं एका पुलाच्या कठड्यावर विनोद नावाचा एक धिप्पाड गडी पोटऱ्या धरून बसलेला सापडला. मुंबईकडचा, छातीवर नंबर, मनगटावर मोठं घड्याळ. पोटरीत गोळे आले होते. त्याला मात्र मी रीतसर उचलला, त्या दिवशी केलेलं तेवढंच एक नियमातलं काम.

आता गाडीतली माणसं गप्प बसतात होय? धोंडीबाईनं सगळी चौकशी करून घेतली. नीताला काय झालं होतं, मूलबाळ किती, सासू कशी आहे. मी सांगत गेलो, पैजेचंही सांगितलं. मग दोन तट पडले. तुका नीताच्या बाजूनं. "वहिनी, चलो, चलो," म्हणून मागून ओरडायचा. विनोद तिला सांगायचा की खांदे सैल सोडा, चढाला लहान पावलं टाका. धोंडीबाई माझ्या बाजूनं होती. ती म्हणाली, "पोरगी मरून वाचलीय, तिला कशाला पळवता?" कोणीतरी माझ्यासारखं बोलतंय म्हणून मला बरं वाटलं. पण मग नीताच्या पाठीकडं बघितलं की वाईट वाटायचं. घामानं तिचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि वेणी सुटली होती. एवढी बारीक पाठ, आणि वर केवढा डोंगर.

शेवटचा चढ लागला. बाजूला पाटी होती, तीन किलोमीटर. नीता पाटीला धरून थांबली आणि खोकायला लागली.

साधाच खोकला असेल. धुळीचाही असेल. पण माझा पाय ब्रेकवर गेला. तसा खोकला मी नाशिकला रात्ररात्र ऐकला होता. त्या खोकल्यात एकदा तिच्या हातातला रुमाल लाल झाला होता आणि तिनं तो माझ्यापासून लपवायला उशीखाली सारला होता. मी गाडी उभी करून खाली उतरलो.

"नीता," मी म्हणालो, "एक वाजून गेला. वेळ संपली."

सव्वाबारासुद्धा झाले नव्हते.

तिच्याकडं घड्याळ नव्हतं, फोन माझ्या जीपमध्ये होता. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मागं विनोदनं मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. काहीतरी बोलणार होता, पण स्वतः गाडीत बसलेला माणूस, बोलला नाही. धोंडीबाईला काय उमगलं कोण जाणे, तिनं मान दुसरीकडं वळवली. तिनं तरी माझ्याकडं बघायला हवं होतं, ती माझ्या बाजूची होती.

नीता पाटीखाली बसली. रडली नाही, चिडली नाही. छातीवरच्या नंबराच्या पिना एकेक करून काढल्या, नंबराची घडी घातली आणि म्हणाली, "बरं. उद्या राजीनामा लिहून देते."

हेच हवं होतं ना मला? ती आता घरात राहणार, सावलीत बसणार, चढ चढणार नाही, खोकणार नाही. बरं म्हणाली ती. आणि मी बघत होतो, दवाखान्यातसुद्धा हिचं तोंड असं नव्हतं. तिथं नळ्या लावलेल्या असतानाही ती डोळ्यांनी माझ्याशी भांडायची, तुम्ही जेवला का म्हणून. आता या पाटीखाली बसलेल्या बाईत भांडण उरलंच नव्हतं. एवढ्या काळजीनं जिला जपली तिला मी हातानं अशी करून ठेवली, हे त्या रस्त्यावर मला दिसलं.

"खोटं बोललो मी," मी म्हणालो. "एक वाजला नाय. बराच वेळ हाय अजून."

"काय?"

"खोकलीस ना तू. घाबरलो मी."

तिनं विनोदकडं बघितलं. त्यानं घड्याळाचा हात पुढं केला. नीता उठली. मला वाटलं आता कानफटात देते, आणि दिली असती तर चाललं असतं. नंबर परत छातीवर लावायला गेली, एक पिन खाली पडली. मी उचलायला वाकलो तर म्हणाली, "हात लावू नका."

आणि गेली. तुम्हाला सांगतो, माणूस रागावर डोंगर चढतो हे मी डोळ्यांनी बघितलं. नंबर एका बाजूनं फडफडतोय, केस तोंडावर आलेत, आणि ही बाई चढावर पळतेय. पळतेय म्हणजे काय, पाय ओढतेय, पण थांबत नाही. मध्येच एकदा वळून म्हणाली, "दोन वर्षं." पुढचं धापेत गेलं. परत वळली, "दोन वर्षं मला घरात मेल्यासारखी ठेवलीत." मी म्हणालो, "पुढं बघ, खड्डा हाय." ती म्हणाली, "खड्डा मला दिसतो."

धोंडीबाई मागून म्हणाली, "रोहिदासा, तू आता गप बस." मी गप बसलो.

शेवटच्या वळणानंतर सूर्यमाळचा माळ दिसायला लागला, मंडप दिसला, भोंगा ऐकू आला. तुका आणि त्याच्यामागून लंगडत विनोद, दोघं गाडीतून उतरून तिच्या बाजूनं निघाले. विनोद मिनिटं मोजून सांगत होता. मला त्यांच्यासारखं उतरता येत नव्हतं, गाडी सोडता येत नव्हती. मी स्टिअरिंगवर छाती टेकून नुसता तिच्या टाचांकडं बघत राहिलो. माझ्या तोंडून काय निघत होतं ते मला माहीत नाही, पण धोंडीबाईनं नंतर सांगितलं की मी लहान पोराला उठवतात तसं 'ऊठ बाय, ऊठ बाय' म्हणत होतो. ती तर उभीच होती.

पोचली. वेळेत पोचली. किती मिनिटं उरली होती ते विनोदला विचारा, मी बघितलं नाही. सगळे आधीच जेवणाच्या रांगेत लागले होते, भोंग्यावरचा माणूस बक्षिसांची नावं वाचत होता. तिच्या गळ्यात कोणीतरी पदक घातलं आणि हातात पाण्याची बाटली दिली. मी गाडी वाटेतच सोडून, दिवे तसेच लुकलुकत ठेवून, पळत गेलो.

ती मंडपाच्या खांबाला टेकून बसली होती. मी शेजारी बसलो. ती म्हणाली, "परत माझ्याशी खोटं बोलायचं नाय."

"नाय बोलणार."

"आणि भीती वाटली तर भीती वाटते म्हणायचं. मलापण वाटते. रोज सकाळी उठले की आधी श्वास घेऊन बघते, जातोय का आत. मग काय करू, त्यासाठी पडून राहू?"

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. सांगणार कशी, मी मध्येच पाढा लावायचो. मी तिचे बूट सोडले. पायांना फोड आले होते, एक फुटला होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

जेवून निघालो तर जीप चालू होईना. तास-दीड तास दिवे लुकलुकत राहिले, बॅटरी पार बसली. धोंडीबाई लेकीकडं न जाता अजून तिथंच होती, कोंबडी टोपलीत. तुका आणि विनोद मागं गेले, धोंडीबाईनंही पदर खोचला. नीता पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती.

"लावा जोर," मी म्हणालो.

लावला. जीप हातभर सरकली आणि परत मागं आली. विनोदची पोटरी धरली होती, तुका एकटा किती ढकलणार? परत लावला, परत मागं. तुका म्हणाला, "भाऊ, एक माणूस कम पडतंय."

मी बाजूच्या सीटकडं बघितलं. नीता माझ्याकडं बघत होती. माझ्या तोंडात काय आलं होतं ते मी तुम्हाला सांगत नाही, तुम्हाला कळलं असेल. ते मी गिळलं.

"नीता," मी म्हणालो, "उतर. धक्का मार."

ती उतरली. पाय टेकताना कळवळली, दाराला धरून दोन पावलं टाकली आणि मागं गेली. मी आरशात बघितलं. धोंडीबाईच्या शेजारी, दोन्ही हात गाडीला लावून, मान खाली घालून ती ढकलायला लागली. गाडी हलली. तिला धाप लागली होती, ती मला पुढं बसून ऐकू येत होती. मी ब्रेकवर पाय ठेवला नाही. गाडी उताराला लागली आणि इंजिन सुरू झालं.